हलगीचा आवाज हवा, हलगीवाल्याचं नाव कुठे?

यंदाच्या जयंतीआधी दीड महिना आमच्या मंडळाच्या बैठकीत ठरलं की डीजेवर दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात जाणाऱ्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढायची आणि विठ्ठलवाडीचं स्वतःचं एक भीमगीत रेकॉर्ड करायचं. गाणं आमच्याच वस्तीतल्या एका ताईंनी लिहिलेलं. त्या पहाटेच्या लोकलने घरकामाला जातात आणि गाणंही त्या लोकलबद्दलच आहे. चाल बसली होती, कोरस तयार होता, ढोलकीवाला ठरला होता. यादीत अगदी शेवटी एक ओळ होती: ‘खंजिरी किंवा डफ, बघू.’ त्या ‘बघू’मध्ये आमचे चार रविवार गेले आणि मंडळ फुटायची वेळ आली.

आधी स्टुडिओची हकिकत सांगतो. कल्याण पूर्वेला एका इमारतीत दोन खोल्या, भिंतींना फोम, खिडक्या कायमच्या बंद. रेल्वेलाइन इतकी जवळ की कर्जतकडची गाडी गेली की हेडफोनमध्ये गुरगुर येते. त्यामुळे प्रत्येक टेक दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत. रेकॉर्डिस्ट पोरगा तरुण, कामात चोख. आम्ही खंजिरीचा विषय काढला तर म्हणाला, “टॅम्बोरिन आहे माझ्याकडे, तीच वाजवा. सगळे तीच वाजवतात.”

ती अर्धचंद्राच्या आकाराची, लाल प्लास्टिकची, कातडं नसलेली, दुहेरी ओळीत स्टीलच्या चकत्या. आमच्यातल्या एकाने वाजवली. खोलीत छान वाटली. पण रेकॉर्डिंग ऐकलं तर ताईंचे शब्दच कळेनात. आम्हाला वाटलं माइक खराब आहे. रेकॉर्डिस्टने समजावलं ते आम्ही वहीत लिहून घेतलं. ‘स’ आणि ‘श’ उच्चारताना जो सळसळता वारा तोंडातून निघतो तो साधारण ५ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास असतो, आणि धातूच्या चकत्यांचा आवाजही त्याच भागात जाऊन बसतो. चकत्या जास्त, पातळ आणि कडक असल्या की त्या अक्षरावरच पडतात. आता भीमगीतातले शब्द बघा: संविधान, संघर्ष, समता, शिका, संघटित. आमच्या गाण्यात ‘संविधान’ पाच वेळा येतं आणि पाचही वेळा ते टॅम्बोरिनने गिळलं होतं. ज्या गाण्यात नाचायला ठेका पुरेसा असतो तिथे हे चालून जात असेल. आमच्या गाण्याची परंपरा तशी नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव गेले ते शब्द पोचवायला. ढोलकी, तुणतुणं, डफ हे सगळं शब्दाच्या मागे उभं राहणारं. वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर जे केलं तेही शब्दाचंच काम.

मग आमच्यातल्या एका वर्ध्याच्या भावाने गावाहून खंजिरी मागवली. विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे घरोघरी पोचलेलं हे वाद्य. लाकडी कडं, त्यावर एका बाजूने ताणलेलं कातडं, कड्यात कापलेल्या खाचांमध्ये पितळी चकत्या. पितळ स्टीलपेक्षा मऊ वाजतं. शिवाय इथे चकत्यांबरोबर कातड्याची थाप असते, त्यामुळे ठेक्याचा भार चकत्यांवर पडत नाही. तरी चार जोड्या जास्तच होत्या. आम्ही दोन जोड्यांना चिकटपट्टी लावून त्यांची तोंडं बंद केली, वाजवणाऱ्याला माइकसमोरून हलवून तिरकं उभं केलं, अंतर चार हात ठेवलं. ‘संविधान’ ऐकू आलं. टाळ्या पडल्या.

एक गंमत इथे सांगायला हवी. तासाभराने तीच खंजिरी अर्धा सूर चढली. बाहेर एप्रिलची दमट हवा, आत एसी. कातडं कोरडं पडलं की ताणतं. दक्षिणेतले कांजिरावाले कातड्यावर पाण्याचा हात फिरवून सूर उतरवतात, तेच आम्ही केलं. उलट हलगी सैल पडली की ती शेकून चढवावी लागते. एक वाद्य पाणी मागतं, दुसरं आग. प्लास्टिकच्या पानाला यातलं काहीच लागत नाही आणि त्यामुळेच ते सगळीकडे आलं आहे. एका शाहीर काकांनी दिलेला डफ होता, त्यालाही आता प्लास्टिकचंच पान. अण्णाभाऊ, अमर शेख यांच्यापासून संभाजी भगतांपर्यंत डफ म्हणजे शाहिराची खूण. पण एवढ्याशा खोलीत तो नुसता घुमत राहिला आणि ढोलकीच्या खालच्या आवाजात मिसळून गेला. मैदानात माणसं गोळा करायला जे वाद्य घडलं त्याला दहा बाय बाराच्या फोमच्या खोलीत कोंडलं की असंच होणार. डफ बाद झाला.

इथवर वाद तांत्रिक होता. मग ताई म्हणाल्या, “शेवटच्या अंतऱ्याला हलगी पाहिजे.”

शेवटच्या अंतऱ्यात लोकलच्या डब्यातल्या बाया एकत्र उठतात. तिथे खंजिरी पुरत नाही हे आम्हालाही कळत होतं. रेकॉर्डिस्टने लगेच कीबोर्डवरचा हलगीचा टोन लावून दाखवला. वाईट नव्हता. पण आमच्यातल्या तरुण पोरांना खरी हलगी हवी होती. ही पोरं ‘फँड्री’ बघून मोठी झालेली. जत्रेत हलगी वाजवणारा जब्या त्यांच्या डोक्यात बसलेला. शिवाय त्यांनी चेन्नईच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ची गाणी ऐकलेली. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या गटाने जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला आणि ज्या पराई ढोलावरून एका जातीला नाव पडलं, इंग्रजीत बहिष्कृताला जो शब्द आहे तोही ज्याच्यावरून आला, ती पराई मंचाच्या मध्यभागी आणून ठेवली. पोरांचं म्हणणं सरळ होतं: त्यांनी पराई उचलली, आपण हलगी उचलू.

आबा उठून उभे राहिले. आबा म्हणजे आमच्या मंडळातले सर्वांत ज्येष्ठ, रेल्वेत गँगमन म्हणून ३४ वर्षं काम करून रिटायर झालेले, कोरसमध्ये पहिल्या ओळीत. ते म्हणाले, “हलगी या गाण्यात येणार नाही. माझा बाप गावात दवंडी द्यायचा, देवीच्या मिरवणुकीपुढे वाजवायचा, रेडा कापायच्या वेळी वाजवायचा. वाजवून झालं की लांबून भाकर टाकायचे. छप्पन साली धम्म घेतला आणि त्याने वाजवणं बंद केलं. गावाने सहा महिने पाणी तोडलं, पण त्याने परत हात लावला नाही. तुम्हाला वाद्य दिसतंय. मला बाप दिसतो.”

यावर तरुणांकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही नव्हतं. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेली गुरं ओढणं सोडा, मृतमांस खाणं सोडा म्हणून सांगितलं तेव्हा त्या कामांबरोबर येणारं तुटपुंजं पोटही सोडायला सांगितलं होतं. महार वतनाविरुद्धची त्यांची लढाई याच सोडण्यासाठी होती. वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. म्हणजे आबांच्या वडिलांनी हलगी ठेवली तेव्हा कायदा त्यांच्या पाठीशी यायचाच होता. आज एखादा कलावंत ‘आमचा वारसा’ म्हणून तेच वाद्य हातात घेतो तेव्हा त्याला टाळ्या मिळतात. ज्यांनी ते खाली ठेवलं त्यांना काय मिळालं होतं, हे विचारायचं राहून जातं. पराईचं उदाहरण आम्हाला प्रिय आहे. पण पराई उचलणारे आणि हलगी ठेवणारे एकाच अपमानाला दोन उत्तरं देत होते. एक पुरोगामी आणि दुसरं मागास, असं म्हणायला आम्ही तयार नाही.

आबांच्या बोलण्याला दुसरी बाजू मात्र होती आणि ती आणली हलगी वाजवणाऱ्या दादांनीच. ते उल्हासनगरच्या बाजूला राहतात, मातंग समाजातले, लग्नसराईत बँजो पार्टीत जातात. त्या रविवारी ते जिन्यात बसून आमचा वाद ऐकत होते. आबांना ते म्हणाले, “काका, तुमच्या वडलांनी ठेवली ते चांगलंच केलं. आमच्याकडं ठेवायला दुसरं काय हातात नव्हतं. ती मी वाजवली नाही तर घरात चूल नाही. तुम्हाला नको असंल तर मी जातो, पण हलगीला नको म्हणा, मला नको म्हणू नका.”

सगळे गप्प झाले. कारण ते जे बोलले त्यामागे गेल्या वर्षभराचं बरंच काही होतं. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, सहा विरुद्ध एक मताने, अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण राज्यांना करता येईल असा निकाल दिला. तेव्हापासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बौद्ध आणि मातंग एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात ते वाचकांना सांगायला नको. त्या निकालावर आमचं मत हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच की एका स्टुडिओच्या जिन्यात एक बौद्ध म्हातारा आणि एक मातंग वादक समोरासमोर होते, आणि दोघांच्यामध्ये जे वाद्य होतं ते एकाच्या बापाने सोडलं होतं, दुसऱ्याच्या बापाला सोडता आलं नव्हतं. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला तेव्हा तिने मांग आणि महार या दोघांच्या दुःखाविषयी लिहिलं. चौदा वर्षांच्या आसपासची ती मुलगी मातंग होती. तिला दोन्ही नावं एकत्र लिहिता आली.

आबा म्हणाले, “तुम्ही वाजवा. मी तेवढा वेळ खाली जाऊन बसतो.” आणि ते खाली गेले.

आता रेकॉर्डिंगचं. हलगीचं कडं आता पितळी असतं, कातडं बहुधा बकरीचं. एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी, आणि त्या काडीचा जो कडकडाट निघतो तो माइकला झेपत नाही. पहिल्या फटक्याला रेकॉर्डिस्टच्या स्क्रीनवर सगळं लाल. शेवटी दादांना खोलीबाहेर पॅसेजमध्ये उभं केलं, दार अर्धं उघडं ठेवलं आणि माइक खोलीच्या आत, तोंड भिंतीकडे. मग तो कडकडाट अंगावर न येता पसरून येऊ लागला. शेकायचा प्रश्न होता. जिन्यात कागद पेटवला तर इमारतीचे सेक्रेटरी वर आले, तेव्हा ताईंनी पळत जाऊन घरून हेअर ड्रायर आणला. त्याने काम झालं.

खरी अडचण क्लिकची निघाली. स्टुडिओत वादकाच्या कानात टिक-टिक असा ठोका सोडतात आणि त्यावर वाजवायचं असतं. दादा चार वेळा चुकले. रेकॉर्डिस्ट आमच्या कानात म्हणाला, “टायमिंग नाही यांना. वाजवू द्या, मी नंतर ग्रिडवर बसवतो.” आम्ही होकार देणार होतो. ताईंनी सुचवलं, क्लिक बंद करा आणि त्यांना फक्त माझा आवाज द्या. पाचवा टेक एका दमात झाला. नंतर नीट ऐकलं तेव्हा लक्षात आलं की दादा प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी किंचित पुढे सरकतात, जसं मिरवणुकीत पाय उचलायला लावण्यासाठी वाजवणारा सरकतो. ती चूक नव्हती, ते त्यांचं काम होतं. क्लिकवर बसवलं असतं तर उरला असता तो कीबोर्डमधला टोन.

या ठिकाणी आम्हाला दूरची एक गोष्ट आठवली आणि ती आम्ही त्या संध्याकाळी चहा पिताना मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगितली. अमेरिकेत डेट्रॉईट शहरात मोटाऊन नावाची कृष्णवर्णीयांनी उभी केलेली रेकॉर्ड कंपनी होती. १९६० च्या दशकात तिची गाणी जगभर गाजली. त्यातल्या कितीतरी गाण्यांत ठेक्यावर जी टॅम्बोरिन वाजते ती जॅक ॲशफर्ड या वादकाची. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भजनाला वाजणारं वाद्य त्याने आणि त्याच्यासारख्यांनी रेकॉर्डवर आणलं. पण त्या वादकांच्या चमूची नावं वर्षानुवर्षं रेकॉर्डच्या कव्हरवर नव्हती. १९७१ मध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर ती छापली गेली. कंपनी आपल्याच माणसांची होती तरी. इकडे टी. एम. कृष्णांनी २०२० मध्ये ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिलं ते मृदंगाला कातडं चढवणाऱ्या, बहुतांश दलित ख्रिश्चन कारागिरांवर. मृदंग देवळात आणि सभेत पोचला, ते हात बाहेर राहिले. चेन्नईच्या ज्या संस्थेत प्रकाशन व्हायचं होतं तिने आयत्या वेळी जागा नाकारली. आम्ही हे सगळं सांगितलं. दादाही ऐकत होते. ते फक्त म्हणाले, “असंच असतं.”

१३ एप्रिलच्या रात्री गाणं यूट्यूबवर चढवलं. १४ ला स्टेशनबाहेरच्या मंडपात लागलं. पोरं नाचली, बाया नाचल्या, शेवटच्या अंतऱ्याला तर रस्ता बंद झाला. दोन दिवसांत दोन हजारांच्या वर व्ह्यूज. आम्ही खुश.

तिसऱ्या दिवशी दादांच्या मुलीचा फोन आला. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने शांतपणे विचारलं, “पप्पांचं नाव कुठे आहे?”

आम्ही व्हिडिओ उघडून बघितला. गीत, गायन, संगीत, ढोलकी, खंजिरी, कोरस (आमची अकरा नावं), रेकॉर्डिंग, मिक्सिंग, पोस्टर, अल्पोपाहार व्यवस्था, विशेष आभार म्हणून एका नगरसेवकाचं नाव. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: ‘हलगी व इतर: सहकारी मित्र.’

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. यादी बनवणाऱ्याला दादांचं पूर्ण नाव माहीत नव्हतं आणि रात्री अकराला कोणाला विचारायचं म्हणून त्याने ते लिहून टाकलं. आम्ही अकराच्या अकरा जणांनी ती यादी वाचली होती. नाश्त्याच्या पोह्यांची सोय करणाऱ्याचं नाव आम्हाला पाठ होतं. चार रविवार आमच्याबरोबर बसलेल्या माणसाला आम्ही ‘दादा’च म्हणत राहिलो. या ‘दादा’मध्ये आपुलकी होती आणि आडनाव न विचारण्याची सोयही होती.

फोन ठेवल्यावर हिशेबाची वहीही काढली. ढोलकीवाल्याला १,५०० रुपये दिले होते. दादांना ५००, कारण ‘एकच अंतरा आहे’. वेळ बघितली तर दादा त्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत तिथेच होते. ढोलकीवाला दीड तासात मोकळा झाला होता. श्रमाच्या मोलावर आम्ही याच ठिकाणी तीन लेख लिहिले आहेत.

पुढच्या बैठकीत भांडण झालं. काही जण म्हणाले, खालच्या माहितीत नाव टाका, झालं. पण ती माहिती उघडून वाचतो कोण? यादी व्हिडिओच्या शेवटी छापलेली आहे आणि व्हिडिओ बदलायचा तर जुना काढून नवा टाकावा लागतो, म्हणजे व्ह्यूज, लाइक, कमेंट सगळं शून्यावर. एक जण म्हणाला, “एवढे व्ह्यूज आपल्याला परत मिळणार नाहीत.” त्यावर ताई म्हणाल्या, “गाणं माझं आहे. काढा.” मतदान घेतलं, सात विरुद्ध चार. विरोधातली चार नावं आम्ही इथे लिहीत नाही, पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आमच्यासारख्या मंडळाला दोन हजार माणसं पुन्हा गोळा करणं सोपं नाही.

उरलेले १,००० रुपये घेऊन आम्ही तिघं दादांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने नाव कागदावर लिहून दिलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण, आणि खाली ‘हलगी’ असं लिहिलं. दादांनी पैसे मोजले नाहीत. विचारलं, “काकांनी गाणं ऐकलं का?”

आबांनी गाणं ऐकलेलं नाही. जयंतीच्या दिवशी शेवटचा अंतरा सुरू झाला तेव्हा ते मंडपातून उठून पाण्याच्या टाकीकडे गेले होते, हे आमच्यातल्या दोघांनी पाहिलं. नव्या व्हिडिओत वादकांची नावं आता पहिल्या ओळीत आहेत आणि हलगी ढोलकीच्या आधी. आज सकाळपर्यंत त्याला २१४ व्ह्यूज झाले आहेत.